क्लॅश ऑफ किंग्ज संपलं एकदाचं, पण रॉब कुठेय? (दुसऱ्या भागापर्यंतचे स्पॉयलर आहेत)

अर्धवटराव

नमस्कार मंडळी. मार्टिनच्या साँग ऑफ आइस अँड फायर ह्या कादंबरीमालेचा पहिला भाग मी आठ दिवसांत फस्त केला होता, रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागून, आणि त्याच जोरावर लगेच दुसरा हातात घेतला तर ह्याला तब्बल अडीच महिने लागले. मध्ये दोनदा बाजूला ठेवलं, एकदा तर आपण कुठे होतो तेच आठवेना म्हणून चार प्रकरणं मागे जाऊन परत वाचली. काल संपलं. वाईट आहे असं नाही म्हणणार, शेवटची दीडशे पानं श्वास रोखून वाचली, पण एक खुटखुट राहिलीय ती इथे टाकतो.

मुख्य तक्रार रॉब, स्टार्क घराण्याचा थोरला मुलगा. पहिल्या भागाच्या शेवटी सगळे सरदार गुडघे टेकून त्याला उत्तरेचा राजा करतात, मला वाटलं आता पोराच्या लढाया बघायला मिळणार. इथे सुरुवातीला त्याच्या आईच्या, कॅटलिनच्या, प्रकरणात थोडा दिसतो आणि मग पोरगा जो गायब होतो तो होतोच! ऑक्सक्रॉसला एवढा मोठा विजय मिळवतो तो आपल्याला कोणाच्या तरी तोंडून कळतो. अहो, राजांची झुंज म्हणून पुस्तक आणि त्यातला एकमेव न हरणारा राजा पडद्यामागे?

दुसरं म्हणजे रेन्ली, गादीवर हक्क सांगणारा धाकटा भाऊ. मी त्याच्यावर पैसे लावून बसलो होतो. बिटरब्रिजला ऐंशी हजारांचं पायदळ, शिवाय घोडदळ, समोर थोरल्या भावाकडे, स्टॅनिसकडे, पाच हजारसुद्धा धड नाहीत, आणि मग रेन्लीच्या तंबूत स्टॅनिसच्या जादूगारिणीने जन्माला घातलेली एक सावली येते आणि खेळ खल्लास. राजकारणाचं पुस्तक म्हणून वाचत होतो आणि एकदम जादूटोणा. मला ती चीटिंग वाटली, सरळ सांगतो.

आणि डेनेरिस, ती परागंदा राजकन्या. कार्थ शहरात ती नुसती ह्याच्या दारात त्याच्या दारात फिरतेय.

तुम्हाला पहिल्यांदा वाचताना काय वाटलं होतं? मलाच काहीतरी कळलं नाहीये का? तिसऱ्या भागाबद्दल कृपया अवाक्षर काढू नका, परवापासून सुरू करतोय.

खडूस

तुम्हाला सगळं नीट कळलंय. पुस्तक फुगलंय. प्रस्तावनेसारखं पहिलं प्रकरण सोडून 69 प्रकरणं, प्रत्येक एका पात्राच्या नावाने आणि त्याच्याच नजरेतून. त्यातली 15 एकट्या टिरियनची (राजधानी सांभाळणारा लॅनिस्टर), डेनेरिसला 5 आणि डाव्हसला (स्टॅनिसच्या आरमारातला माणूस) 3. म्हणजे लेखकालाही माहीत होतं की कोणाकडे सांगण्यासारखं आहे आणि कोणाकडे नाही. कार्थचा भाग मी दुसऱ्या वाचनात सरळ गाळला, फक्त शेवटी ती त्या अनडाइंग नावाच्या जादूगारांच्या वाड्यात जाते तेवढं वाचलं, ते मात्र भन्नाट आहे, मान्य.

सावलीबद्दल शंभर टक्के सहमत. एकदा सावलीने राजा मारता येतो म्हटल्यावर बाकीची खलबतं कशाला करायची?

रसदप्रमुख

थांबा थांबा, मी ह्या पुस्तकाचा वकील आहे, दोघांनाही उत्तर देतो पण जरा लांबण लागेल.

अर्धवटराव, तुम्ही हे लढायांचं पुस्तक म्हणून वाचलंत म्हणून फसलात असं मला वाटतं, कारण ह्यात खरी झुंज तलवारींची नाहीच, धान्याची आहे. आठवून बघा, टिरियन राजधानीत येतो तेव्हा शहराची अवस्था काय असते, युद्धामुळे निर्वासित लोटलेत आणि हायगार्डनकडून धान्य यायचा जो रस्ता, रोझरोड, तो तिथल्या टायरेल घराण्याने बंद केलाय कारण ते रेन्लीच्या बाजूला आहेत. म्हणजे रेन्ली एक बाण न सोडता राजधानीचा गळा आवळतोय आणि स्वतः मात्र रमतगमत, स्पर्धा भरवत, मेजवान्या झोडत चाललाय, कारण त्याला घाईच नाही, उशीर झाला तर भूक शत्रूलाच लागणार आहे. मग जॉफ्री राजाच्या बहिणीला, मिर्सेलाला, डॉर्नला पाठवायला सगळं राजघराणं बंदरावर जातं आणि परतताना जी दंगल होते ती आठवा, सुरुवात कशी होते, एक बाई मेलेलं मूल हातात धरून समोर येते, जॉफ्रीवर शेण फेकलं जातं, आणि मग लोक ओरडायला लागतात ते भाकरीसाठी. मुख्य धर्मगुरूला जमाव फाडून टाकतो. मी कितीतरी फँटसी वाचल्यात जिथे शहराला वेढा पडतो आणि आत कोण काय खातंय ह्याचा पत्ताच नसतो, इथे माणूस पोटातून सुरुवात करतो.

तीच गोष्ट त्या साखळीची. टिरियन आल्या आल्या शहरातल्या लोहारांना गोळा करतो आणि बाकी सगळी कामं बाजूला ठेवून साखळीच्या कड्या बनवायला लावतो. लोहार कुरकुरतात, चिलखतं आणि तलवारी करायच्या सोडून हे काय, आणि लेखक शेकडो पानं आपल्याला सांगतच नाही की साखळी कशासाठी. डाव्हस नदीच्या तोंडाशी दोन नवे बुरूज बघतो तेव्हासुद्धा मला कळलं नव्हतं, लाज वाटते सांगायला. मग स्टॅनिसचं आरमार आत शिरतं, जंगली आग (पाण्यावरही जळणारं हिरवं द्रव्य) पेटते, मागे वळायला जावं तर साखळी वर आलेली. आणि तो सगळा प्रसंग आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतो? हरणाऱ्या डाव्हसच्या! जिंकणाऱ्या माणसाने आखलेला डाव पाण्यात अडकलेल्या माणसाच्या डोळ्यांनी दाखवलाय.

आता सावली. खडूस, तुमचा मुद्दा मलाही पहिल्यांदा पटला होता, पण मग बसून हिशोब मांडला. सावलीने स्टॅनिसला काय दिलं? रेन्लीचं बरंचसं घोडदळ. आणि काय घालवलं? टायरेल. त्यांच्यातला लोरास, रेन्लीचा खास माणूस, काही स्टॅनिसकडे जाणार नव्हता, पायदळ बिटरब्रिजलाच राहिलं, आणि बातमी राजधानीत पोचताक्षणी टिरियन दरबारातल्या लिटलफिंगरला लग्नाचा प्रस्ताव घेऊन तिकडे पिटाळतो, रेन्लीची विधवा, टायरेलांची मार्जरी, आणि जॉफ्री. ह्या एका सोयरिकीतून जी फौज उभी राहते तीच शेवटी स्टॅनिसच्या पाठीत बसते, आणि पुढे कोण असतं तर रेन्लीचं चिलखत घातलेला माणूस. ज्याला जादूने मारलं त्याच्याच नुसत्या चिलखताने स्टॅनिसची माणसं घाबरून पळाली. ही चीटिंग असेल तर फार महागात पडलेली चीटिंग आहे.

टीव्हीवाला

मी आधी सिरीयल (गेम ऑफ थ्रोन्स) बघितली मग पुस्तक वाचलं त्यामुळे माझा अनुभव उलटा आहे, मला रॉब कुठेय हा प्रश्न पडलाच नाही कारण माझ्या डोक्यात तो होताच, सिरीयलमध्ये त्याला भरपूर जागा दिलीय, लढाईच्या छावणीत त्याचं प्रेमप्रकरण वगैरे, पुस्तकात त्यातलं काहीच नाही बघून मी उडालोच. साखळीही सिरीयलमध्ये नाहीये, तिथे एकच जहाज येतं आणि मोठ्ठा हिरवा स्फोट. 2012 चा दुसरा सीझन, तो ब्लॅकवॉटरचा, म्हणजे ह्याच नदीवरच्या लढाईचा, एपिसोड मार्टिनने स्वतः लिहिला होता तरी साखळी नाही, बहुतेक बजेटचं काहीतरी असेल.

पण एक गोष्ट सिरीयलमध्ये जास्त आवडली, आर्या (रॉबची धाकटी बहीण) टायविनला, म्हणजे टिरियनच्या बापाला, पाणी-वाइन द्यायच्या कामावर असते ते. पुस्तकात ती टायविनच्या जवळपाससुद्धा जात नाही, वीझ नावाच्या कोणा मुकादमाच्या हाताखाली भांडी घासत, मार खात असते. दोघांच्या गप्पा मस्त होत्या राव. पुस्तकवाल्यांनी मारू नका मला.

खिडकीतली

टीव्हीवाले भाऊ, मारत नाही, पण त्या गप्पांच्या नादात सिरीयलने आर्याच्या कथेतला काटाच काढून टाकला असं मला वाटतं. पुस्तकात जाकेन नावाचा मारेकरी तिला तीन माणसांचे जीव देतो. तीन! दहा वर्षांच्या पोरीच्या हातात त्या क्षणी वेस्टेरॉसमधल्या (ही सगळी कथा जिथे घडते तो भूभाग) कुठल्याही राजापेक्षा जास्त ताकद आहे. आणि ती पहिलं नाव कोणाचं घेते? चिसविकचं, कारण तो एका मुलीवर केलेल्या अत्याचाराची गोष्ट हसत हसत सांगत असतो. दुसरं वीझचं, कारण तो तिला रोज मारतो. आणि नेमकं तेव्हा टायविनची सगळी फौज हॅरनहॉल किल्ल्याच्या दारातून बाहेर पडत असते आणि तिच्या डोक्यात लख्ख पडतं की अरे, नाव घ्यायचं तर ह्याचं घ्यायला हवं होतं. मी तिथे पुस्तक मिटून बसले होते. ती मूर्ख नाहीये, तिला तिच्या रोजच्या जगण्यात टायविन दिसतच नाही, दिसतो तो वीझ. खालच्या माणसाला वरचा शत्रू दिसत नाही, तो फक्त मुकादमाला ओळखतो. टायविनच्या शेजारी उभं करून पाणी द्यायला लावलं की हे सगळं गेलं.

आता अर्धवटराव, तुमचा रॉब. तुम्ही म्हणता ऑक्सक्रॉस कोणाच्या तरी तोंडून कळतं. आठवतंय का कोणाच्या आणि कसं? रॉबच्या बहिणीला, सान्साला, दरबाराच्या चौकात बोलावून घेतात, जॉफ्री आडधनुष्य घेऊन उभा असतो, लान्सेल नावाचा एक लॅनिस्टर सांगतो की तुझ्या भावाने असं असं केलं, आणि मग राजाच्या रक्षकांकडून तिला मारायला लावतात, सगळ्यांसमोर कपडे फाडतात. रॉबचा सगळ्यात मोठा विजय आपण बघतो तो त्याच्या बहिणीच्या पाठीवर. मला नाही वाटत हा आळशीपणा आहे. लढाईचं प्रकरण लिहिलं असतं तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या, आता वाजवता येत नाहीत.

आणि एक बारीक गोष्ट जी पहिल्या वाचनात माझ्याही हातून निसटली होती. रेन्ली मरतो त्या रात्री, अगदी काही क्षण आधी, कॅटलिन त्याला काय सांगत असते? की तुम्ही तिघे (रॉब, स्टॅनिस आणि रेन्ली) मिळून महासभा बोलवा, सगळ्या सरदारांना ठरवू द्या राजा कोण ते. अख्ख्या पुस्तकात युद्ध थांबवायचा हा एवढा एकच खरा प्रस्ताव आणि तो एका बाईने मांडलेला, ज्याच्यापुढे मांडलाय तो ते हसण्यावारी नेतो आणि लगेच मरतो. सावलीच्या नादात सगळे ते विसरतात.

खडूस

महासभेचा मुद्दा चांगला आहे, तो मी विसरलो होतो, कबूल.

पण रसदप्रमुखांचा हिशोब मला अर्धाच पटतो. जादूची किंमत मोजावी लागली म्हणून ती कथेच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. माझी अडचण अशी की रेन्ली आणि स्टॅनिस हा त्या पुस्तकातला सगळ्यात चांगला पेच होता. एकाकडे कायदा आहे आणि माणसं नाहीत, दुसऱ्याकडे माणसं आहेत आणि कायदा नाही, धाकटा भाऊ असून म्हणतो लोकांना मी आवडतो म्हणून मी राजा. ह्याहून अस्सल भाऊबंदकी कुठे मिळणार. तो पेच सुटायला हवा होता दोघांच्या स्वभावातून आणि तो सुटला त्या जादूगारिणीच्या पोटातून निघालेल्या धुरातून. मला वाचक म्हणून उत्तर मिळालं नाही की कायदा जिंकला असता की लोकप्रियता.

रसदप्रमुख

हां, हे वेगळं बोललात, ह्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फक्त एवढंच की दरबारातला हेरप्रमुख व्हेरिस टिरियनला ते कोडं घालतो ना, राजा, धर्मगुरू आणि श्रीमंत माणूस एका खोलीत, मध्ये एक भाडोत्री तलवारवाला, तिघेही म्हणतात बाकीच्या दोघांना मार, तर तो कोणाचं ऐकेल? आणि नंतर व्हेरिसच सुचवतो की लोकांना जिथे सत्ता आहे असं वाटतं तिथे ती असते, भिंतीवर पडलेल्या सावलीसारखी. मग पुढे खरोखरची सावली येऊन राजाला मारते. हा योगायोग नसावा. तुम्हाला आवडो न आवडो पण तयारी केलेली आहे.

आणि पत्रांचं राजकारण विसरू नका. स्टॅनिस 117 कावळे सोडतो, सगळ्या राज्यात एकच पत्र, की आधीच्या राजाची, म्हणजे स्टॅनिसच्या मेलेल्या भावाची, रॉबर्टची मुलं (जॉफ्री वगैरे) रॉबर्टची नाहीतच. आपल्याला माहितीय की ते खरं आहे. आणि राजधानीत त्यावर उपाय काय काढतात? खुलासा नाही, पुरावा नाही, लिटलफिंगर म्हणतो आपणही एक अफवा सोडू, की स्टॅनिसची मुलगी त्याच्या विदूषकापासून झालीय. खऱ्या पत्राला तेवढ्याच चविष्ट खोट्याने झाकायचं. हे 1998 चं पुस्तक आहे, लक्षात घ्या.

अर्धवटराव

बाप रे. दोन दिवस इकडे आलो नाही तर एवढं सगळं. सगळ्यांचे आभार, विशेषतः खिडकीतली, तुमचं ते सान्साचं वाचून मी परत ते प्रकरण काढलं. मी तेव्हा ते सान्साचं दुःख म्हणून वाचलं होतं आणि ऑक्सक्रॉसची माहिती म्हणून वेगळं वाचलं होतं, दोन्ही एकच आहे हे डोक्यात आलंच नाही. काय वाचतो आपण काय माहीत.

मग मी वहीत एक उद्योग केला, हसू नका, की ह्या पुस्तकात कोण जिंकलं आणि त्याचा फायदा कोणाला झाला. रॉब पश्चिमेत जिंकला, इकडे त्याचं घर रिकामं. रॉबच्याच घरात वाढलेल्या थिऑनने टॉरेन्स स्क्वेअरवर थोडी माणसं पाठवून हूल दिली, सर रॉड्रिक स्टार्कांचा किल्ला विंटरफेल सोडून तिकडे धावला आणि थिऑन मोजक्या लोकांसह आत. थिऑन जिंकला, फायदा त्या रॅम्सीला, तो तर राख करून गेला. स्टॅनिसने भाऊ मारला, फायदा लॅनिस्टरांना, हे वर आलंच आहे. टिरियनने शहर वाचवलं, तोंड फाडून घेतलं, नाकाचा मोठा तुकडा गेला, आणि शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या पदावर बाप बसलेला आणि कौतुक टायरेल लोकांचं. मला एकही नाव सापडलं नाही ज्याने स्वतः जिंकून स्वतः फायदा खाल्ला. रॉबच्या मामाचं, एडमरचं, कुठे लिहायचं ते कळेना, त्याने टायविनला नदी ओलांडू दिली नाही, म्हणजे जिंकला, पण मग टायविन माघारी वळला म्हणूनच राजधानीला वेळेवर पोचला ना? म्हणजे एडमर जिंकला नसता तर...

डेनेरिसबद्दल मात्र अजून तेच मत आहे.

रसदप्रमुख

एडमरबद्दल तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय आणि त्याबद्दल तर तिसऱ्या भागात

खिडकीतली

रसदप्रमुख!!! ते अवाक्षर म्हणालेत.

रसदप्रमुख

बरं बरं. गप्प बसतो. वहीतली एडमरची ओळ कोरी ठेवा, एवढंच.

टीव्हीवाला

वहीची आयडिया भारी आहे. पण त्यात धूमकेतू पण टाका, तो एकटाच सगळ्यांच्या बाजूने आहे. जॉफ्रीची माणसं म्हणतात लाल म्हणजे लॅनिस्टरांचा रंग, एडमर म्हणतो त्याच्या टली घराण्याचा लाल, रॉबचा सरदार ग्रेटजॉन म्हणतो नेडचा (रॉबच्या मारलेल्या बापाचा) सूड, थिऑनला वाटतं खास त्याच्यासाठी उगवलाय 😂 आणि डेनेरिस तर त्याच्या मागे मागे वाळवंट तुडवत जाते. सगळ्यांनी आकाशातल्या एका दगडावर आपापला झेंडा लावलाय. सिरीयलमध्ये एका एपिसोडात आटपलंय ते.

खडूस

डेनेरिस त्याच्या मागे जाऊन कार्थला पोचली. म्हणजे दोष धूमकेतूचा.

अर्धवटराव

😂 लिहिलं वहीत. तिसऱ्या भागाचे दोन खंड करून विकतात म्हणे काही ठिकाणी, माझ्याकडे एकच जाडजूड ठोकळा आहे, छातीवर ठेवून वाचता येत नाही. प्रकरणांची नावं चाळली तर रॉबच्या नावाचं एकही दिसलं नाही. आता मात्र मी तक्रार करणार नाहीये, जिथे तो नाही तिथेच बघत राहतो.